वेलबुट्टीचा एलियास

मेडनहेड

रिबेकाचा फोन आला तेव्हा मी लेकीच्या घरी, इंग्लंडमध्ये मेडनहेडला, गवार मोडत बसले होते. गवार स्लाऊच्या दुकानातली. तिथे आपल्याकडचं सगळं मिळतं, फक्त वास जरा कमी येतो. लेक आणि जावई दोघंही सकाळीच ऑफिसला गेलेले, नात शाळेत, आणि खिडकीबाहेर एप्रिलचं ऊन असं पडलेलं की ते बघायला छान, पण त्यात बसलं तर थंडी वाजावी.

"सुमन, तू अजून आहेस ना इथे?" ती म्हणाली. "मग उद्या-परवा निघ. एलियासचं चर्च कायमचं बंद होतंय. त्याने रंगवलेल्या फळ्या स्टोअरमध्ये जाणार. आणि माझं तर तुला माहीतच आहे."

ते मला माहीत होतं. रिबेका आणि मी मुंबईला आर्ट स्कूलमध्ये एका वर्गात होतो, एकाच हॉस्टेलवर राहायचो. मी महाडची, ती रेवदंड्याची, बेने इस्रायल. आपल्या कोकणात ज्यांना लोक शनवार तेली म्हणायचे, घाण्यावर तेल काढणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे ज्यू, त्यांच्यातली. पुढे मी ड्रॉइंग टीचर झाले. ती लग्न होऊन कार्डिफला आली आणि तिथल्या हॉस्पिटलात सर्जन लोकांसाठी ऑपरेशनची चित्रं काढायला लागली. कॅमेऱ्यात रक्ताखाली सगळं सारखंच दिसतं, कुठली नस कुठे जाते हे चित्रातच कळतं, असं ती सांगायची. आयुष्यभर तिने माणसांच्या आतली चित्रं काढली. आता तिच्या डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग निकामी होत चालला आहे. कडेचं दिसतं, पण जिथे बघायला जावं तिथे करडा डाग. पुढच्या वर्षी कडेचं तरी किती दिसेल, हे डॉक्टरही सांगत नाहीत.

एलियासबद्दल ती मला कित्येक वर्षं पत्रांतून, मग फोनवर सांगत आली होती. हॉस्पिटलातल्या एका पेशंटने तिला त्याची गोष्ट सांगितली होती. उत्तरेला डोंगरातल्या एका गावात, चर्चच्या भिंतीवर, एका ज्यू माणसाने रंगवलेला मोझेस आहे म्हणून. ती एकदा नवऱ्याबरोबर गेलीही होती, पण तेव्हा छपराचं काम चालू होतं आणि फळ्या ताडपत्रीखाली होत्या. मग नवऱ्याचं आजारपण, मग तो गेला. जायचं राहून गेलं.

लेक म्हणाली, एकटी कशी जाशील, रीडिंगला ट्रेन बदलावी लागते. मी म्हटलं, महाडहून मुंबईला शिकायला एकटी गेले होते, तेव्हा तर पत्ता विचारायचीसुद्धा भीती वाटायची. नात तारा स्टेशनवर सोडायला आली. "आजी, तुझा पिशवी मी पकडते," म्हणाली. तिचं मराठी असं पुल्लिंगाकडे झुकलेलं आहे. पूर्वी मी दुरुस्त करायची. आता ऐकून घेते, कारण बोलते हेच खूप.

कार्डिफ

सेव्हर्न नदीखालच्या बोगद्यात कान बंद झाले आणि उघडले तेव्हा स्टेशनांच्या पाट्या दोन भाषांत होत्या. वेल्श वर, इंग्रजी खाली. मला ते फार आवडलं.

रिबेका प्लॅटफॉर्मवर उभी होती. मी हात केला तरी ती माझ्याकडे न बघता बाजूच्या खांबाकडे बघत होती. मला क्षणभर वाटलं, ओळखलं नाही. मग ध्यानात आलं की ती खांबाकडे बघत होती म्हणूनच तिला मी दिसत होते. "जाड झालीस," ती म्हणाली, खांबाकडे बघतच, आणि मला मिठी मारली.

तिचं घर एका लांबलचक रांगेतलं, विटांचं. स्वयंपाकघरात तिने सगळं कडेच्या हिशोबाने मांडलं होतं, बरण्यांना मोठाले रंगीत पट्टे चिकटवलेले. हळदीला हिरवा पट्टा का, विचारलं तर म्हणाली, पिवळा पट्टा मिठाला संपला. मार्केटमधून बांगडे आणले होते. डब्यातलं नारळाचं दूध, चिंच, थोडी कोथिंबीर. मासा चिरताना ती मुळीच सुरीकडे बघत नव्हती. मी तिच्या बोटांकडे बघत होते.

जेवताना रेवदंड्याच्या गोष्टी निघाल्याच. हॉस्टेलवरच्या पहिल्या दिवाळीत सगळ्या मुली घरी गेल्या, मला महाडला जाऊन यायला सुट्टी पुरणार नव्हती, तेव्हा ती मला स्वतःच्या घरी घेऊन गेली होती. हॉस्टेलवर काही मुली माझ्या तांब्याला हात लावत नसत. वडील आमचे बाबासाहेबांच्या मागे गेलेले, आम्ही बौद्ध झालेलो, आणि ते माझ्या आडनावावरूनच कळायचं. त्यामुळे तिच्या घरात शिरताना मी दाराशीच थबकले. शुक्रवारची संध्याकाळ होती. तिच्या आईने दिवे लावले, ओल्या खोबऱ्याचे पोहे, केळी, खजूर असं काहीतरी एका ताटात मांडलं होतं, आणि मला हाताला धरून पंगतीत स्वतःच्या शेजारी बसवलं. काही विचारलं नाही. मला आज ते ताट काढता येईल, खजूर कुठे होते ते सुद्धा.

"आई विचारायची तुझ्याबद्दल, शेवटपर्यंत," रिबेका म्हणाली. "म्हणायची, ती सावळी पोर, जी जेवताना भिंतीवरची चित्रं बघत होती."

मग तिने मला एलियासची गोष्ट पहिल्यापासून पुन्हा सांगितली. त्याचं आडनाव कोणालाच धड माहीत नाही. जो तो आपापल्या कानाला ऐकू आलं तसं म्हणत गेला. अठराव्या शतकातला माणूस, पोलंडच्या पूर्वेकडून आलेला. तिकडे लाकडाची सिनेगॉग असायची आणि आतून पार छतापर्यंत रंगवलेली असायची. वेली, फुलं, हरणं, करकोचे, पण माणसाचं तोंड कुठेही नाही. माणूस काढायचा नाही हा दंडकच. एलियासचा बाप हेच काम करायचा, गावोगाव फिरून. एलियास त्याच्या हाताखाली शिकला. मग तिकडे दंगे झाले, आगी लागल्या, बाप गेला. पोरगा ॲमस्टरडॅममार्गे लंडनला पोचला. लंडनमध्ये वेलबुट्टी कोणाला नको होती. सगळ्यांना चेहरे हवे होते, आणि त्याने जन्मात कधी चेहरा काढला नव्हता.

"मग?" मी विचारलं, जणू पहिल्यांदाच ऐकत होते.

"मग कोणीतरी सांगितलं की वेल्समध्ये पत्र्याचे ट्रे करतात, काळ्या रोगणाचे, त्यावर फुलं काढायला माणूस लागतो. तो चालत आला इकडे."

डोंगरातलं गाव

बसने निघालो. कार्डिफ मागे पडलं की रस्ता दरीत शिरतो, जुन्या खाणगावांच्या रांगा जातात, आणि मग एकदम डोंगर उघडे होतात. झाड नाही, फक्त गवत आणि मेंढ्या. मला वरंधा घाट आठवत राहिला, पण आपल्या घाटाला असा मोकळा माथा नाही. मी रिबेकाला दिसेल ते सांगत होते. ती म्हणाली, "डोंगर नको सांगू, ते मला दिसतात. पाट्या वाच." गावाचं नाव मला अजून उच्चारता येत नाही, त्यामुळे ड्रायव्हरने पुकारलं ते कळलं नाही आणि आम्ही एक स्टॉप पुढे गेलो. मग भुरभुर पावसात उलटं चालत आलो. रिबेका माझा दंड धरून, मी तिची पिशवी धरून, आणि दोघीही एकमेकींना दोष देत.

चर्चला कुलूप होतं. किल्ली जिच्याकडे असते त्या ग्वेनबाई दाताच्या डॉक्टरकडे गेल्या होत्या, असं समोरच्या चहाच्या दुकानात कळलं. तिथे बसलो. तव्यावर भाजलेले छोटे गोल केक मिळाले, मनुका घातलेले, वरून साखर. आपल्या जाड दशम्यांची आठवण व्हावी असे. रिबेका दरवाजा वाजला की मान फिरवायची. मी म्हटलं, येतील बाई, आणि ती म्हणाली, "मला एवढीच भीती आहे की आत अंधार असेल आणि मला काहीच दिसणार नाही. मग मी काय करू?" मी तिच्या बशीत आणखी एक केक ठेवला.

ग्वेनबाई अर्धा जबडा बधिर असलेल्या अवस्थेत आल्या. उंच, सत्तरीच्या, गुडघ्यापर्यंत बूट. त्यांनी आमचा उशीर आपल्याच अंगावर घेतला आणि पुन्हा पुन्हा माफी मागितली. कुलूप उघडता उघडता त्या एलियासची पुढची हकिगत सांगू लागल्या, त्यांच्या आजीकडून ऐकलेली. ट्रेचं काम बसलं तेव्हा तो या गावी आला आणि मार्गेड नावाच्या विधवेच्या खाणावळीत उतरला. दाराच्या पाट्या रंगवल्या, शेतकऱ्यांच्या पेट्या रंगवल्या. एका घरातलं मूल गेलं, तर त्या आईने सांगितलं म्हणून त्याने पहिला चेहरा काढला. शनिवारी मात्र कामाला हात लावायचा नाही. गावकरी थट्टा करायचे, बाजाराचा दिवस तोच असायचा, पण तो खिडकीत बसून राहायचा.

"शनवार तेली," रिबेका माझ्या कानात पुटपुटली.

मार्गेड आणि तो नवराबायकोसारखेच राहिले. पाद्री म्हणाला, आधी बाप्तिस्मा घे, मग लग्न लावतो. एलियासने घेतला नाही. मार्गेडनेही कधी आग्रह केला नाही. त्याच पाद्रीने पुढे त्याला चर्चच्या फळ्यांचं काम दिलं, कारण त्याच्याइतकं वळणदार अक्षर दरीत कोणाचं नव्हतं. दहा आज्ञा वेल्शमध्ये लिहायच्या आणि दोन बाजूंना मोझेस आणि त्याचा भाऊ ॲरन काढायचे. ज्या आज्ञा त्याला लहानपणापासून हिब्रूत पाठ होत्या, त्या त्याने खाणावळीत शिकलेल्या भाषेत लिहिल्या.

आत ओल्या दगडाचा वास होता. अर्धे बाक आधीच काढून नेलेले. ग्वेनबाईंनी दिवे लावले आणि एक मोठा टॉर्च आणला. फळ्या समोरच्या भिंतीवर होत्या, माणसाहून उंच. काळ्या जमिनीवर सोनेरी अक्षरं, डावीकडे मोझेस, उजवीकडे ॲरन, आणि चहूबाजूंनी कडेची पट्टी.

रिबेका समोर उभी राहिली. मान डावीकडे केली, उजवीकडे केली, एक पाऊल मागे गेली.

"तोंड नाही मिळत," ती म्हणाली. "जिथे बघते तिथून जातं. सुमन, तू सांग. कसं आहे?"

मी बघत होते. मोझेस चांगला नव्हता. शाळेत मुलांच्या वह्या तपासण्यात माझा जन्म गेला, माझ्या नजरेला ते लगेच कळलं. नाक एका बाजूने काढलेलं आणि डोळे समोरून. दाढी कापूस चिकटवल्यासारखी. कुठल्यातरी छापील चित्रावरून उतरवलेला, भीत भीत. ती या चेहऱ्यासाठी इतकी वर्षं थांबली होती. छान आहे म्हणाले असते तर तिला कधीच कळलं नसतं. ग्वेनबाई टॉर्च धरून कौतुकाने आमच्याकडे बघत होत्या.

पण आम्ही दोघी एका वर्गात शिकलो होतो. तिथे आम्ही एकमेकींच्या कामाबद्दल कधी खोटं बोललो नव्हतो.

"चेहरा जमलेला नाही," मी मराठीत म्हटलं. "उतरवलेला आहे. हाताला सवय नाही, हे दिसतं. डोळे मेलेले आहेत."

तिने मान ॲरनकडे वळवली. मग म्हणाली, "दोघांचेही?"

"दोघांचेही."

तिने मान खाली घातली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. ती रडेल असं मला वाटलं होतं. तेवढ्यात ती म्हणाली, "मग बाजूला हे काय हलतंय?"

हलत काही नव्हतं. ती कडेच्या पट्टीबद्दल बोलत होती. मी मोझेसकडे बघण्याच्या नादात ती नीट पाहिलीच नव्हती. ग्वेनबाईंनी टॉर्च तिकडे फिरवला. वेल खालून निघून वर चढत होती, एकेक पान आपापल्या अंगाने वळलेलं, कुठे पाठ दाखवणारं, कुठे पोट. त्यात हरीण, ससा, एका पायावर उभा करकोचा. एका कोपऱ्यात या डोंगरातली काळतोंडी मेंढी पानांतून डोकं काढून बघतेय. एकही रेघ घाबरलेली नव्हती. बापाच्या हाताखाली लहानपणी गिरवलेलं सगळं त्या चार बोटांच्या पट्टीत उतरलं होतं.

रिबेकाने मोझेसकडे तोंड केलं आणि तशीच उभी राहिली. म्हणजे आता तिला पट्टी दिसत होती. "करकोचा आहे," ती म्हणाली. "ससा. अगं, मेंढी!" मग लाल गोळ्यांपाशी अडकली. "आणि हे काय, कांदे?"

मी जवळ गेले. "डाळिंबं आहेत. पण उलटी. मुकुट देठाकडे आलाय."

"म्हणजे?"

"म्हणजे याने जन्मात डाळिंब पाहिलेलं नाही. बापाने भिंतीवर काढलं तसं याने काढलं. आणि बापानेही पाहिलेलं नसणार."

रिबेका हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ती बाकावर बसली, तरी हसू थांबेना. ग्वेनबाईंना मी इंग्रजीत समजावलं, आमच्याकडे हे फळ अंगणात असतं, ते असं लटकत नाही. त्या पुन्हा पट्टीजवळ गेल्या, नाक लावून बघितलं, आणि बधिर जबड्याने म्हणाल्या की जन्मभर त्या त्यांना सफरचंदंच समजत होत्या.

निघताना रिबेकाने फळीला हात लावू का विचारलं. ग्वेनबाई म्हणाल्या, हात लावायचा नियम नाही, पण पुढच्या आठवड्यात नेणारे लोक हात लावतीलच. तिने बोटांच्या पाठीने वेलीवरून एकदा हात फिरवला.

समुद्रावरची टेकडी

मार्गेड आधी गेली. तिला चर्चच्या अंगणात पुरलं, तिच्या पहिल्या नवऱ्याशेजारी. एलियासला त्या अंगणात जागा मिळणार नव्हती, हे त्याला आणि गावालाही माहीत होतं. ग्वेनबाईंनी हे सांगितलं तेव्हा जरा संकोचून सांगितलं. मला त्यात नवीन काही नव्हतं. आमच्या गावात स्मशानं वेगवेगळी होती. जिवंतपणी शेजारी बसू देतात आणि मेल्यावर नाही, किंवा त्याच्या उलट, हे हिशोब मी लहानपणापासून पाहिलेले.

म्हातारा एलियास रंगांची पेटी पाठीला बांधून समुद्रकाठच्या बंदरगावी चालत गेला. तिथे चार-दोन ज्यू घरं होती आणि टेकडीवर त्यांची दफनभूमी. तिथेच तो वारला म्हणतात. दुसऱ्या दिवशी आम्ही ट्रेनने तिकडे गेलो.

टेकडीवर वारा इतका की छत्री उघडायचा विचारही करवेना. खाली राखाडी समुद्र, आणि सगळ्या उतारावर काटेरी झुडपांना पिवळी धमक फुलं. फाटकाची किल्ली देणाऱ्या माणसाने आधीच सांगितलं होतं की जुने दगड वाचता येत नाहीत. खरंच येत नव्हते. खारट वाऱ्याने अक्षरं खाऊन टाकली होती. नुसते झुकलेले दगड, शेवाळ चढलेले. मी एकेकापाशी वाकून बघत होते, एखादी वेल, एखादं पान कोरलेलं सापडतं का म्हणून. काही सापडलं नाही.

"राहू दे," रिबेका म्हणाली. "नाही सापडायचा."

आपल्याकडे कबरीवर सब्जाची पानं ठेवायचो, ती म्हणाली, इथे खडे ठेवतात. मग तिने खडे वेचले, मीही वेचले, आणि ज्या ज्या दगडावर नाव उरलं नव्हतं त्या प्रत्येकावर आम्ही एकेक ठेवत गेलो. मार्गेडचा हा नवरा, एलियास, यातल्या कोणत्याही दगडाखाली असो.

दमून भिंतीच्या आडोशाला बसलो. थर्मासमधला चहा प्यायलो. मी पिशवीतून स्केचबुक काढलं, सवयीने. थोडा वेळ कोरं पान बघत बसले, बोटं गारठली होती. रिबेकाने हात पुढे केला.

"दे इकडे."

हॉस्पिटल सोडल्यापासून तिने पेन्सिल धरली नव्हती. तिच्या मुलाने मला फोनवर हे सांगितलं होतं, आणि विषय काढू नका असंही. मी पेन्सिल दिली. ती समोर समुद्राकडे तोंड करून बसली आणि कागदाकडे न बघता काढू लागली. तिची रेघ मला इतक्या वर्षांनीही ओळखू आली असती. न तुटणारी, न खोडलेली. पानाच्या कडेने काटेरी झुडपं आली, त्यांची फुलं आली, डावीकडचे झुकलेले दगड, उजवीकडची भिंत, वरती पक्षी, खाली आमचे चार बूट आणि थर्मास. सगळं कडेकडेने, दाट, भरगच्च. मधली जागा तशीच राहिली.

मी वाट बघितली. वाटलं, आता मध्ये समुद्र येईल.

तिने पेन्सिल खाली ठेवली. "झालं," म्हणाली.

"मधलं?"

"मधलं मला दिसत नाही. दिसत नाही ते कशाला काढू?"

तिने कोपऱ्यात सही केली. पान फाडून मला दिलं. मग म्हणाली, अजून एक कागद दे, उजेड आहे तोवर.